गोळी नैराश्याची, दुखणे नागिणीचे

१/
नागिणीचे फोड पंधरा दिवसांत सुकले, खपल्याही गळून पडल्या; पण आजीच्या बरगडीवरची आग काही विझेना. लुगड्याचा पदर नुसता घासला तरी ती कळवळे. गावात जो तो विचारी, नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले तर नाही ना? (जुळले की माणूस जातो, हा आपल्याकडचा जुना समज.) तीन महिने असे काढल्यावर तिला वाईहून साताऱ्याला नेले. डॉक्टरांनी रात्री घ्यायची एक लहानशी गोळी लिहून दिली : अमिट्रिप्टिलिन, १० मिलिग्रॅम. चौथ्या दिवशी शेजारच्या मुलाने मोबाइलवर गोळीचे नाव शोधले आणि सर्वांदेखत मोठ्याने वाचले, "नैराश्यावरील औषध." आजीने पाकीट उशीखाली सरकवले आणि पुन्हा बाहेर काढले नाही. "म्हंजी माझं दुखणं खोटं वाटतंय व्हय तुम्हाला?" एवढेच ती म्हणाली.

२/
आजचा धागा आजीच्या या प्रश्नाचा आहे. नैराश्यावरचे म्हणून जन्माला आलेले औषध वेदनेवर कसे आले? आणि ते वेदनेवर लागू पडते म्हणून ती वेदना मनाची ठरते का? आजीला हा प्रश्न माजघरात पडला; वैद्यकशास्त्राला तो सुमारे तीस वर्षे छळत होता, आणि त्याचे उत्तर शोधण्याची रीत मला कोणत्याही लढाईच्या वर्णनाइतकी वेधक वाटते. धागा लांब आहे, सवडीने वाचा. मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे, वैद्य नव्हे. तेव्हा याला औषधाचा सल्ला समजू नये.

३/
आरंभ स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात. ऱ्हाइनच्या काठावरचे हे शहर मूळचे रंगांच्या कारखान्यांचे. युरोपातील पुष्कळशा औषधकंपन्या कापड रंगवण्याच्या रसायनांतूनच उभ्या राहिल्या. गायगी ही त्यांतलीच एक. इमिनोडायबेन्झिल नावाचा रेणू रसायनशास्त्रज्ञांनी १८९९ मध्येच बनवला होता, पण त्याचे करायचे काय हे कोणालाच सुचले नव्हते. तो जवळजवळ अर्धशतक तसाच पडून राहिला. १९४० च्या दशकाच्या अखेरीस गायगीचे हेफ्लिगर आणि शिंडलर हे रसायनशास्त्रज्ञ ॲलर्जीवरची आणि झोपेची औषधे शोधत होते. त्यांनी या जुन्या सांगाड्याला निरनिराळ्या शेपट्या जोडून चाळीसहून अधिक नवे पदार्थ तयार केले. त्यांतल्या एकाचा क्रमांक होता जी-२२३५५. शिंडलर हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

४/
दरम्यान १९५२ मध्ये पॅरिसमध्ये देले आणि देनिकर यांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना देऊन पाहिले आणि मनोरुग्णालयांचे चित्रच बदलू लागले. हेही ॲलर्जीवरच्या औषधांच्या कुळातले, आणि त्याचा रेणू तीन कड्यांचा. गायगीच्या जी-२२३५५ मध्येही तीन कडी होती. बांधणी सारखी तर गुणही सारखे असतील, असा सरळ व्यापारी हिशेब करून कंपनीने आपला पदार्थ बोडेन्झे सरोवराकाठच्या म्युन्स्टरलिंगेन येथील मनोरुग्णालयात रोलान्ड कून या डॉक्टरांकडे पाठवला.

हिशेब चुकला. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना त्याचा उपयोग झाला नाही. काही तर अधिकच अस्वस्थ झाले. मात्र १९५६ च्या जानेवारीत कून यांनी तो तीव्र नैराश्याच्या रुग्णांना द्यायला सुरुवात केली, आणि जी माणसे महिनोन्‌महिने भिंतीकडे तोंड करून बसली होती ती काही दिवसांत बोलू-चालू लागल्याची नोंद त्यांनी केली.

५/
३१ ऑगस्ट १९५७ रोजी कून यांचा निबंध एका स्विस वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. पुढच्याच महिन्यात झुरिचच्या जागतिक मनोविकार परिषदेत त्यांनी तो वाचला तेव्हा श्रोते होते जेमतेम डझनभर. हे औषध इमिप्रामिन. बाजारातले नाव टोफ्रानिल.

या गोष्टीला एक काळी किनार आहे आणि ती वगळून कून यांचा गौरव करणे मला प्रामाणिक वाटत नाही. म्युन्स्टरलिंगेनमध्ये १९४० ते १९८० या काळात झालेल्या औषधचाचण्यांचा इतिहास तेथील प्रांतिक सरकारने संशोधकांकडून लिहून घेतला. तो २०१९ मध्ये पुस्तकरूपाने आला. दप्तरे उघडल्यावर दिसले ते असे, की बाजारात न आलेली कितीतरी औषधे तेथे रुग्णांवर वापरली गेली आणि त्यांची संमती घेण्याची फारशी पद्धतच नव्हती. वेदनेचा पुढचा सारा इतिहास ज्या पायावर उभा आहे त्यात न विचारल्या गेलेल्या माणसांचाही वाटा आहे.

६/
आता थोडी वाट वाकडी करून मुंबईला येऊ, कारण बाझलमधले हे औषध शरीरात नेमके काय करते हे कळण्याच्या कथेत आपल्याकडच्या एका मुळीला महत्त्वाची जागा आहे. मुळी सर्पगंधेची. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध लिहून दाखवले, की सर्पगंधेने वाढलेला रक्तदाब उतरतो. पाश्चात्त्य वैद्यकाने या मुळीकडे खरे लक्ष दिले ते त्यानंतर. १९५२ मध्ये सीबा कंपनीने (तीही बाझलचीच!) तिच्यातला रिसर्पिन हा घटक वेगळा काढला.

रिसर्पिन दिलेले प्राणी मलूल होऊन एका जागी बसत. काही रुग्णांना त्याने खिन्नता येते अशाही नोंदी झाल्या. त्या कितपत खऱ्या, याबद्दल आज मतभेद आहेत. पण अमेरिकेतील बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेने १९५५ मध्ये दाखवले, की रिसर्पिनमुळे मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिता होतो. मनःस्थिती आणि मेंदूतले रसायन यांना जोडणारा एक धागा हाती आला. इमिप्रामिनने रिसर्पिनचा हा मलूलपणा मोडतो, हेही पुढे प्राण्यांत दिसले. वकील यांना १९५७ मध्ये लास्कर पारितोषिक मिळाले. त्यांचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत का नसावे, हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

७/
मग १९६१. ज्यूलियस ॲक्सेलरॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इमिप्रामिनची नेमकी करामत दाखवली. एक मज्जातंतू दुसऱ्याला निरोप देतो तो नॉरॲड्रेनॅलिनसारखे रसायन मधल्या फटीत सोडून. आणि निरोप पोहोचल्यावर सोडलेले रसायन स्वतःच परत शोषून घेतो. हे परत शोषणे इमिप्रामिन अडवते. निरोप्या दारातच रेंगाळतो आणि निरोपाचा जोर वाढतो. ॲक्सेलरॉड यांना १९७० मध्ये नोबेल मिळाले ते याच क्षेत्रातील कामासाठी.

ध्यानात घ्या, या सगळ्यात "नैराश्य" हा शब्द कुठेच नाही. रसायन फटीत रेंगाळते, एवढेच. ती फट मेंदूत आहे की पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत, हे गोळीला ठाऊक नसते.

८/
वेदनेकडे पहिले पाऊल ॲक्सेलरॉड यांच्याही आधी पडले होते. १९६० मध्ये पाओली, दारकूर आणि कोसा या तिघा फ्रेंच डॉक्टरांनी वेदनेच्या अवस्थांत इमिप्रामिनचा काय परिणाम होतो, यावर एक प्राथमिक टिपण प्रसिद्ध केले. १९६१ मध्ये अमेरिकेत अमिट्रिप्टिलिन (आजीच्या पाकिटातले) विक्रीस आले. १९६४ मध्ये सिडनीच्या लान्स आणि करन यांनी ते सततच्या डोकेदुखीवर उपयोगी पडते असे लॅन्सेटमध्ये लिहिले, आणि १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियातूनच नागिणीनंतरच्या वेदनेवर त्याचा वापर केल्याचा निबंध आला. म्हणजे आजीच्या चिठ्ठीवरचा उपचार साठ वर्षांचा जुना आहे. साताऱ्याच्या डॉक्टरांनी काही अंधारात बाण मारला नव्हता.

९/
गोळी चालते हे दिसत होते. का चालते, याचे त्या काळात सर्वांत सोपे उत्तर असे होते : वर्षानुवर्षे दुखणारा माणूस खचलेला असतो, गोळी त्याची खचलेली अवस्था सुधारते, मग दुखणे कमी भासते. इथवर ठीक. पण याच उत्तराची एक कठोर आवृत्ती होती. १९५९ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज एंगेल यांनी "वेदनाप्रवण" रुग्णाची संकल्पना मांडली होती : काही माणसांचा स्वभाव आणि पूर्वायुष्यच असे असते, की त्यांच्या मनातला अपराधभाव वेदनेचे रूप घेतो. एंगेल हे उथळ लेखक नव्हते आणि रुग्णाशी सविस्तर बोलण्याचा आग्रह त्यांनी आयुष्यभर धरला. परंतु घाईत असलेल्या दवाखान्यांत संकल्पनेचे सारच तेवढे उरते, आणि ते सार असे होते : तपासणीत काही सापडत नाही, म्हणजे दुखणे मनाचे.

१०/
नैराश्याची गोळी लागू पडणे हा मग पुरावाच मानला जाऊ लागला. ताप क्विनीनने उतरला तर तो हिवताप असावा, तसे दुखणे नैराश्याच्या गोळीने उतरले तर ते नैराश्य असावे! तर्क वरवर चोख आहे. त्यातली खोच अशी, की औषधाला पहिल्या दिवशी मिळालेले नाव हेच त्याचे एकमेव काम आहे असे तो गृहीत धरतो. आपण इतिहासाचे विद्यार्थी या चुकीला ओळखतो. दप्तराच्या रुमालावर कारकुनाने जे लिहिले आहे तेच आत असेल असे समजून चालणारा संशोधक हमखास फसतो.

११/
येथे भाषेबद्दल दोन शब्द, कारण मला ते लिहिल्यावाचून राहवत नाही. मराठीत अंगाचे "दुखणे" आणि मनाचे "दुःख" ही सख्खी भावंडे आहेत. "वेदना" हा शब्द तर संस्कृतात मुळात जाणीव, अनुभव या अर्थाचा. बौद्ध विचारात सुखद वेदना असाही प्रयोग आहे. आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने १९७९ मध्ये वेदनेची व्याख्या "संवेदनेचा आणि भावनेचा अप्रिय अनुभव" अशी केली. ती करणाऱ्या समितीचे प्रमुख हॅरल्ड मर्स्की यांनीच १९७२ मध्ये जुनाट वेदनेवर मनोविकाराची औषधे देण्याविषयीचा एक आरंभीचा निबंध लिहिला होता. व्याख्येत भावना आली म्हणून वेदना खोटी ठरत नाही. मात्र आजीसारख्या माणसाला "भावनेचा" हा शब्द ऐकू येतो तो "नाटकाचा" असाच, आणि त्याला कारण आजी नव्हे; तिच्या आधी अशा कितीकांना दाखवलेला अविश्वास हे आहे.

१२/
सोप्या उत्तराला पहिले आव्हान औषधांच्या नव्हे, मज्जारज्जूच्या अभ्यासातून आले. १९६५ मध्ये रोनल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी सायन्स नियतकालिकात मांडले, की वेदनेचा संदेश तारेतून वीज जावी तसा थेट मेंदूपर्यंत जात नाही. मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे. ते कधी उघडते, कधी मिटते, आणि मेंदूकडून खाली येणारे संदेशही ते हलवू शकतात. (कोपर आपटल्यावर आपण ते चोळतो, तेव्हा हेच फाटक थोडे ओढून घेत असतो.) त्यांच्या मूळ आराखड्यातले काही तपशील पुढे टिकले नाहीत, पण फाटकाची कल्पना टिकली.

१९६९ मध्ये डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदराच्या मेंदूच्या एका खोल भागाला विजेने चेतवून, भूल न देता त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. उंदीर शांत राहिला. प्रयोग वाचताना अंगावर काटा येतो, पण त्यातून निघालेला निष्कर्ष मोठा होता : वेदना दाबणारी यंत्रणा शरीरात उपजतच आहे आणि ती मेंदूकडून मज्जारज्जूकडे उतरते. पुढील वर्षांत स्पष्ट झाले, की या उतरत्या वाटेवरचे निरोपे आहेत सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन.

सातवा भाग आठवा. इमिप्रामिन आणि अमिट्रिप्टिलिन फटीत रेंगाळायला लावतात ती हीच रसायने.

१३/
आता १९८२ हे साल. या एकाच वर्षी दोन निबंध आले आणि त्यांची तोंडे अगदी विरुद्ध दिशांना होती.

पहिला ब्लूमर आणि हाइलब्रॉन यांचा. त्यांनी म्हटले, की शरीरात पुरेसे कारण न सापडणारी जुनाट वेदना हा नैराश्याचाच एक प्रकार आहे; नैराश्याच्या औषधांना मिळणारा प्रतिसाद हाही त्यांच्या मांडणीचा एक आधार होता.

दुसरा टोरांटोचे पीटर वॉटसन आणि सहकारी यांचा, नागिणीनंतरच्या वेदनेवरचा. रुग्ण फक्त २४. प्रत्येकाला काही काळ अमिट्रिप्टिलिन आणि काही काळ तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली; कोणती केव्हा, हे ना रुग्णाला ठाऊक ना डॉक्टरला. २४ पैकी १६ जणांना अमिट्रिप्टिलिनने चांगला ते उत्तम आराम पडला. आणि त्यांतल्या बहुतेकांच्या नैराश्याच्या मोजमापात काहीच फरक पडला नव्हता. दुखणे उतरले, मन होते तिथेच राहिले.

१४/
चोवीस माणसे म्हणजे एका एसटीतही सहज मावतील इतकी. त्यामुळे हा निकाल वाद मिटवणारा नव्हता. शिवाय एक चाणाक्ष आक्षेप शिल्लक होता. अमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडे पडते, गुंगी येते. रुग्ण यावरूनच ओळखत असेल, की आज खरी गोळी मिळाली. आणि त्या विश्वासानेच त्याला बरे वाटत असेल. पोकळ गोळीने तोंड कोरडे कसे पडावे?

या आक्षेपाला अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील मिचेल मॅक्स यांनी दिलेले उत्तर मला या साऱ्या कथेतले सर्वांत देखणे पान वाटते. त्यांनी तुलनेची गोळी पोकळ ठेवलीच नाही. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी अमिट्रिप्टिलिनचे उपद्रव हुबेहूब होतील अशी नकली गोळी दिली. रुग्ण २९, मधुमेहामुळे पायांचे मज्जातंतू बिघडून आग होणारे. दोन्ही गोळ्या सहा-सहा आठवडे. तिसऱ्या आठवड्यापासून अमिट्रिप्टिलिन स्पष्टपणे सरस ठरली. आणि आराम मिळाला तो मन खचलेल्यांना जसा, तसाच मन ठीक असलेल्यांनाही.

१५/
तरीही मॅक्स थांबले नाहीत. त्यांनी प्रश्न उलटा केला. नैराश्य सुधारल्यानेच वेदना कमी होत असेल, तर नैराश्यावरचे कोणतेही चांगले औषध वेदनेवर चालायला हवे. तेव्हा फ्लुऑक्सेटिन (प्रोझॅक) या औषधाचा जगभर गाजावाजा होता. ते प्रामुख्याने सेरोटोनिनच अडवते. उतरत्या वाटेवरच्या नॉरॲड्रेनॅलिनला फारसे हात लावत नाही. मॅक्स यांच्या गटाचा निबंध १९९२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. रुग्ण पुन्हा मधुमेही, आग होणाऱ्या पायांचे. मध्यम किंवा त्याहून अधिक आराम पडला तो असा :

अमिट्रिप्टिलिन, ३८ पैकी २८.
डेसिप्रामिन (इमिप्रामिनचे जवळचे भावंड, मुख्यतः नॉरॲड्रेनॅलिनवर काम करणारे), ३८ पैकी २३.
फ्लुऑक्सेटिन, ४६ पैकी २२.
नकली गोळी, ४६ पैकी १९.

फ्लुऑक्सेटिन आणि नकली गोळी यांत नाव घेण्यासारखा फरक नाही. फ्लुऑक्सेटिनचा उपयोग झाला तो केवळ ज्यांना नैराश्यही होते त्यांना. पहिल्या दोघांचा उपयोग दोन्ही प्रकारच्या रुग्णांना सारखाच. नैराश्यावर उत्तम असलेले औषध वेदनेवर फिके पडले आणि जुनी, बोजड औषधे चालली. आजीच्या प्रश्नाचे उत्तर या चार ओळींत आहे.

१६/
आता शिंडलर. बाझलच्या त्याच कंपनीत याच माणसाने १९५३ मध्ये त्याच रासायनिक कुळातला आणखी एक पदार्थ बनवला, जी-३२८८३. आज तो कार्बामाझेपिन म्हणून ओळखला जातो. १९६२ मध्ये स्वीडनच्या ब्लोम यांनी तो चेहऱ्यात विजेसारखी कळ मारणाऱ्या ट्रायजेमिनल न्यूराल्जियावर वापरून पाहिला आणि आश्चर्यकारक गुण आला. अमेरिकेत त्याला पहिली मान्यता १९६८ मध्ये मिळाली ती या वेदनेवरचे औषध म्हणून. फेफऱ्यासाठी ती १९७४ मध्ये आली.

एकाच घरातले दोन भाऊ. एकाला अमेरिकेत आरंभीच वेदनेचे नाव मिळाले, दुसऱ्याला मनोविकाराचे. म्युन्स्टरलिंगेनऐवजी जी-२२३५५ ची पहिली बाटली एखाद्या मज्जाविकारतज्ज्ञाकडे गेली असती तर? "काय झाले असते" छापाचे प्रश्न आमच्या विभागात फारसे आवडत नाहीत, मलाही एरवी नाही. पण येथे भाऊच साक्षीला उभा असल्याने तो विचारण्याचा मोह होतो. पाकिटावर "मज्जातंतूंच्या वेदनेवरील औषध, कधीकधी मनालाही उभारी देते" असे छापले असते आणि शेजारच्या मुलाने तेच मोठ्याने वाचले असते.

१७/
मग नाव बदलले का नाही? याचे उत्तर प्रयोगशाळेत कमी आणि कायद्यात, बाजारात अधिक आहे. अमेरिकेत औषधाला नवा अधिकृत उपयोग मिळवायचा तर कंपनीने चाचण्यांचा खर्च करून अर्ज करावा लागतो. वॉटसन आणि मॅक्स यांचे निकाल आले तोवर अमिट्रिप्टिलिन जुने, स्वस्त, कोणीही बनवावे असे औषध झाले होते. त्यासाठी कोट्यवधी खर्चून कोण अर्ज करणार? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मज्जातंतूंच्या वेदनेसाठी आजतागायत मान्यता दिलेली नाही, आणि तरीही जगभरचे डॉक्टर ते लिहून देतात.

मान्यता मिळाली ती नव्या, पेटंट असलेल्या ड्युलॉक्सेटिनला. सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन दोन्हींना रेंगाळत ठेवणारे हे औषध २००४ च्या ऑगस्टमध्ये नैराश्यासाठी मंजूर झाले, आणि अवघ्या महिन्याभरात, सप्टेंबरमध्ये, मधुमेहातील मज्जातंतूंच्या वेदनेसाठी. २००८ मध्ये फायब्रोमायल्जिया, २०१० मध्ये सांधे-स्नायूंची जुनाट वेदना. जी गोष्ट दाखवायला तीस वर्षे गेली ती कागदावर यायला तीस दिवस लागले. अर्थात त्या तीस दिवसांमागे आधीची तीस वर्षे होती.

१८/
एवढ्यावर थांबले तर ही विजयगाथा होईल, आणि ती तशी नाही. २०१५ मध्ये साऱ्या उपलब्ध चाचण्यांचा जो ताळेबंद मांडला गेला त्यात मज्जातंतूंच्या वेदनेसाठी अमिट्रिप्टिलिनच्या कुळातील औषधांचा आकडा निघाला ३.६. म्हणजे साधारण तीन-चार रुग्णांना द्यावे, तेव्हा एकाला नकली गोळीहून ठळकपणे अधिक आराम पडतो. वेदनेच्या क्षेत्रात हा चांगला आकडा आहे; पण उरलेल्यांचे काय, हे त्यात नाही. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात नैराश्यावरच्या औषधांच्या जुनाट वेदनेवरील १७६ चाचण्या आणि जवळपास २९ हजार रुग्ण एकत्र केले गेले. भरवशाचा पुरावा सापडला तो मुख्यतः ड्युलॉक्सेटिनचा. अमिट्रिप्टिलिनवरच्या पुष्कळशा चाचण्या जुन्या, लहान आणि कच्च्या ठरल्या. दीर्घकाळ घेतल्यास काय होते याबद्दलचा पुरावा तर कोणत्याच औषधाबाबत धड नाही. ज्या निबंधांनी आजीसारख्यांना न्याय दिला ते आजच्या निकषांनी अपुरे आहेत. मॅक्स यांची हुशारी खरी आणि त्यांची रुग्णसंख्या तोकडी, दोन्ही एकदम.

माझा स्वतःचा कल असा : "दुखणे म्हणजे नैराश्यच" हा सिद्धान्त त्या प्रयोगांनी मोडला, तो पुन्हा उभा राहिलेला नाही. औषध किती जणांना आणि किती काळ उपयोगी, हा प्रश्न अजून उघडा आहे.

१९/
इंग्लंडच्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये, अन्य कारणाने उलगडा न होणाऱ्या जुनाट वेदनेसाठी मार्गदर्शिका काढली. पॅरासिटामॉल किंवा अफूजन्य औषधे सुरू करू नका, काही नैराश्यरोधकांचा विचार करा, असे ती सांगते. तिच्यातली एक बारीक सूचना मला महत्त्वाची वाटते : हे औषध नैराश्याचे निदान नसतानाही उपयोगी पडू शकते, हे रुग्णाला समजावून सांगा. साठ वर्षांच्या वादातून शेवटी डॉक्टरांसाठी एक वाक्य निघाले, आणि तेही औषधाबद्दलचे नव्हे, बोलण्याबद्दलचे.

२०/
आजीला पुन्हा साताऱ्याला नेले तेव्हा मी सोबत गेले होते. गोळी का थांबवली, असे डॉक्टरांनी विचारले. ती खाली बघत राहिली. मग मीच सांगितले. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "आजी, नागिणीनं तुमची नस जाळलीय. फोड गेले, पण नस अजून ओरडतीय. ही गोळी तिचा आवाज खाली करती. डोक्यासाठी देतात तेव्हा याच्या कितीतरी पट देतात." मग चिठ्ठी पुढे ओढून गोळीच्या नावापुढे मराठीत ठळक लिहिले : नागिणीच्या दुखण्यासाठी, रात्री १.

आजीला अक्षरओळख आहे. ते शब्द तिने बोट ठेवून दोनदा वाचले. आग पूर्ण गेली नाही. पण दीड महिन्याने ती पदर नीट घेऊ लागली. सकाळी तोंड कोरडे पडते म्हणून कुरकुर चालू असते आणि उशाला तांब्या असतो. चिठ्ठीची घडी तिने देवघराच्या फळीवर पंचांगात ठेवली आहे. शेजारचा तो मुलगा आला की ती त्याला काढून दाखवते.

पुढचा धागा रविवारी : निजामाच्या हैदराबादेत १८८८-८९ मध्ये बसलेली क्लोरोफॉर्म कमिशने.